पोतंभर कातरणाची गोधडी होते का?

वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे या पट्ट्यात संध्याकाळी गाळे सुटायच्या वेळेला फिरलं, की कपड्यांच्या कारखान्यांबाहेर पोती उभी दिसतात. आत कातरण असतं. काखेतला अर्धचंद्र, गळ्याचा गोल, दोन बाह्यांच्या मधली निमुळती पट्टी. कटिंग मास्तरनं कापडाच्या थरांवर मार्कर कितीही दाटीनं आखला तरी माणसाचं अंग चौकोनी नसल्यामुळे कापड उरतंच. तयार कपड्यांच्या धंद्यात हे उरणं दहा ते पंधरा टक्के धरून चालतात. त्यातलं सुती कापड मशिनं पुसायला जातं, काही गाद्या-उशांत भरलं जातं, काही भंगारवाला उचलतो. ज्याला गिऱ्हाईक नाही ते कचऱ्यात जातं, आणि वसई-विरारचा कचरा म्हटला की गोखिवऱ्याची कचराभूमी आलीच. तिथल्या आगीचा धूर ज्यांनी सोसला आहे त्यांना त्या धुरात काय काय असतं हे वेगळं सांगायला नको.

ही पोती पाहून बहुतेकांच्या तोंडी एकच उपाय येतो: याच्या गोधड्या शिवाव्यात. शिवणवर्गात हे ऐकू येतं, बचत गटांच्या बैठकांत येतं, महाविद्यालयांच्या पर्यावरण प्रकल्पांत तर हमखास येतं. सूचना मनापासून केलेली असते आणि तिच्यात तथ्यही आहे. पण गोधडी कशाची बनत होती, आता कशाची बनू शकते, ती शिवणार कोण आणि किती पैशांत, हे प्रश्न एकत्र ठेवून पाहिले तर उत्तर वाटतं तितकं सोपं राहत नाही.

सुरुवात जुन्या गोधडीपासून करू. नऊवारी लुगडं म्हणजे २७ फूट लांब कापड, पन्ना साधारण चार फुटांचा. त्याच्या चार घड्या घातल्या की पावणेसात फूट लांब आणि चार फूट रुंद असा चार पदरी थर तयार होतो. एका माणसाचं अंथरूण नेमकं एवढंच असतं. म्हणजे एका लुगड्यात एक गोधडी, आणि तीही न कापता, न जोडता. पाचवारीच्या १५ फुटांचे तीन पदर केले तर लांबी पाच फुटांवरच संपते, मोठ्या माणसाचे पाय बाहेर राहतात. म्हणून पाचवारी आली तेव्हा दोन साड्या जोडणं, धोतराचा थर घालणं, शर्टाच्या पाठी आणि परकराचे घेर वापरणं सुरू झालं. ठिगळांची गोधडी सगळीकडे पहिल्यापासून होतीच, पण आतला गाभा लुगड्याचा आणि वर दिसणारं काम तुकड्यांचं, अशी वाटणी बऱ्याच घरांत असे.

हे कापड वापरून झिजलेलं असायचं आणि सगळं मर्म तिथेच आहे. वर्षानुवर्षं धुतलेल्या सुताची खळ गेलेली असते, आटायचं तेवढं ते आटलेलं असतं, रंग सुटायचा तेवढा सुटलेला असतो. सुई त्यातून अलगद जाते. घाम शोषतं, अंगाला टोचत नाही. बाळंतविड्यातली दुपटी आणि लंगोट जुन्या लुगड्याचेच का करायचे, याचं कारणही हेच. नव्या कापडातली खळ आणि कच्चा रंग तान्ह्या कातडीला सोसत नाही हे घरातल्या बायकांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

शिवण्याची रीत साधी वाटते. कापड धुवायचं, सारवलेल्या जमिनीवर किंवा ओटीवर ताणून पसरायचं, कोपऱ्यांवर वजन ठेवायचं, थर सरकू नयेत म्हणून लांब कच्चे टाके घालायचे आणि मग धावदोरा. कुणी कडेपासून चौकोनात फिरत मध्याकडे येते, कुणी सरळ ओळी घालते. घाटावर हिला वाकळ म्हणतात, कुठे लेपडं, कर्नाटकाच्या सीमेवर कौदी. नावं आणि नक्षी बदलते, धावदोरा बदलत नाही. दोन ओळींमधल्या जागेत थोडी हवा अडकते, तीच ऊब धरते. वरचा थर फाटला तर आतले तीन शाबूत राहतात. त्यावर आणखी एक जुनं लुगडं चढवायचं की गोधडी पुन्हा उभी. एका गोधडीच्या पोटात तीन पिढ्यांचं कापड सापडतं ते यामुळे.

या श्रमाचा आकडा कुणी मांडत नाही, म्हणून मांडून पाहू. चार फूट बाय पावणेसात फूट म्हणजे अडीच चौरस मीटर. दोन ओळींत एका बोटाचं, म्हणजे दोन सेंटिमीटरचं अंतर ठेवलं तर टाक्यांच्या ओळींची एकूण लांबी सव्वाशे मीटर होते. इंचाला दोन टाके धरले तर जवळपास दहा हजार टाके. चार पदरांतून मिनिटाला सहा टाके पडतात असं मानलं तर नुसत्या धावदोऱ्याला सत्तावीस-अठ्ठावीस तास लागतात. धुणं, वाळवणं, तुकडे निवडणं, जोडणं, कड दुमडणं हे सगळं याच्या वर. हा हिशोब पुढे लागणार आहे, तो लक्षात असू द्या.

वसईत थंडी ती कितीशी. समुद्राकाठच्या अर्नाळा, आगाशी, भुईगावच्या वाड्यांत पहाटे जरा गारठा पडतो, एवढंच. त्यामुळे इथली गोधडी पांघरण्यापेक्षा अंथरण्याची जास्त. खाली चटई, वर गोधडी. आणि तिचा खरा शत्रू पावसाळा. चार-पाच पदरी सुती गोधडी भिजली की दुपटीहून जड होते आणि चार महिने नीट वाळत नाही. मग वास, मग बुरशी. पूर्वी पावसाआधी सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन कडक उन्हात वाळवून ठेवण्याची घाई यासाठीच असे. नालासोपाऱ्याच्या एका खोलीच्या घरात, खिडकीच्या ग्रिलवर, ती कुठे वाळवणार? गोधडी मागे पडली याचं खापर आपण हौस संपण्यावर फोडतो. दोरी बांधायला जागा उरली नाही, हे कारण मला त्याहून मोठं वाटतं.

दुसरं कारण कापडच बदललं. लुगडं नेसणारी पिढी सरत गेली. वसईतल्या कुपारी ख्रिस्ती घरांतलं तांबडं लुगडं, वाडवळ आणि कोळी घरांतली लुगडी आता सणासमारंभाला नेसली जातात. रोजच्या वापरात झिजून गोधडीला येत नाहीत. त्या जागी आलेली सिंथेटिक साडी फाटत नाही, झिजत नाही, मऊही होत नाही. तिच्या गोधडीवर उन्हाळ्यात झोपून पाहिलेल्याला जास्त सांगावं लागणार नाही. १८ जानेवारी १९८२ला मुंबईतला गिरणी संप सुरू झाला आणि पुढच्या वर्षांत गिरणगावातली पुष्कळ कुटुंबं पश्चिम रेल्वेच्या या टोकाला राहायला आली. त्यांच्याबरोबर गिरणीच्या जाड सुती चादरी आणि कटपीस आले, त्यांच्याही गोधड्या झाल्या. तो साठाही संपला.

तिसरं कारण बोहारीण. जुने कपडे घेऊन स्टीलची भांडी देणाऱ्या या बायका मूळच्या बहुतेक गुजराती, आणि मुंबईपासून विरारपर्यंत त्यांनी किती घरांत डबे-पातेली पोहोचवली याची मोजदाद नाही. त्यांच्या धंद्याला नावं ठेवण्याचं काही कारण नाही. त्या कपडे धुतात, निवडतात, दुरुस्त करून पुन्हा विकतात; कापड वाया जाऊ न देण्याचं काम त्यांच्याइतक्या चोखपणे कुणी केलेलं नाही. पण घराच्या बाजूनं पाहिलं तर गोधडीला जाणारं सुती लुगडं एका पातेल्याच्या मोबदल्यात बाहेर गेलं. चार दिवस टाके घालण्यापेक्षा दारात मिळणारं पातेलं बाईला परवडलं, आणि तिचा हिशोब बरोबर होता.

चिंधीला या भूमीत केवढा मान होता हेही आठवलं पाहिजे. नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२मध्ये तिथला स्तूप उकरला तेव्हा त्यात धातुमंजूषा मिळाली. आतले मातीच्या भांड्याचे तुकडे बुद्धाच्या भिक्षापात्राचे मानले गेले. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सोपाऱ्यात आणि नवव्याचा, १९५६मध्ये, शेजारच्या भुईगावात सापडला. या बंदरातून जा-ये करणाऱ्या भिक्षूंचं चीवर तुकडे जोडून शिवलेलं असे. टाकून दिलेल्या चिंध्या वेचून केलेलं वस्त्र पांसुकूल म्हणून श्रेष्ठ मानत, आणि चीवराच्या तुकड्यांची मांडणी मगधातल्या भातखाचरांवरून आनंदानं बेतली अशी विनयपिटकातली कथा आहे. पुढे गाडगेबाबांनी अंगावर चिंध्यांचं वस्त्र मिरवलं आणि लोक त्यांना गोधडेबुवा म्हणू लागले. चिंधी म्हणजे दारिद्र्याची खूण, एवढाच अर्थ आपल्या परंपरेनं कधी घेतला नव्हता. आज गोधडी दिवाणखान्यात ठेवायला लाजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

आता पुन्हा वालीवच्या पोत्यांकडे. त्यात सगळं कापड नवं. नवं म्हणजे चांगलं असं गोधडीत चालत नाही. पॉपलिनचा तुकडा पहिल्या धुण्यात आटतो, शेजारचा पॉलिस्टरचा आटत नाही. शिवण ओढली जाते आणि गोधडीला सुरकुत्या पडतात. होजिअरीचं कापड ताणतं, त्यामुळे मागावर विणलेल्या सुती कापडाशी त्याचा जोड बसत नाही. डेनिममधून हातसुई नीट जात नाही. कॉलरच्या तुकड्यांना मागून फ्यूजिंग चिकटवलेलं असतं. बॅगांच्या गाळ्यांतलं कातरण असेल तर रेक्झिन आणि फोमच. म्हणून पहिलं काम निवडण्याचं, आणि ते शिवण्याइतकंच वेळखाऊ. शंका आली तर धागा जाळून पाहायचा: सूत कागदासारखं जळून राख होतं, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. निवडलेलं सुती कातरण गरम पाण्यात भिजवून, खळ आणि कच्चा रंग काढून, वाळवूनच वापरायचं. ही पायरी गाळली की पहिल्याच धुण्यात लाल तुकडा सगळी गोधडी गुलाबी करून टाकतो.

मग आकड्यांचा प्रश्न. शर्टाचं कापड चौरस मीटरला सव्वाशे ग्रॅमच्या आसपास भरतं. अडीच चौरस मीटरचा वरचा थर कातरणाचा केला तर तीनशे-सव्वातीनशे ग्रॅम, शिवणीच्या मायेसकट फार तर चारशे. म्हणजे तीस किलोचं एक पोतं संपवायला पंचाहत्तर गोधड्या शिवाव्या लागतील. आठवड्याला एक गोधडी शिवणाऱ्या बाईला जवळपास दीड वर्ष. तोवर त्याच गाळ्याबाहेर किती पोती उभी राहिली असतील? कातरण आतही कोंबलं तर जास्त खपेल हे खरं, पण ते गोळा होतं, सरकतं, आणि त्याला गोधडी म्हणवत नाही. ती गादी झाली.

तेव्हा गोधडी हा कारखान्यांच्या कचऱ्यावरचा उपाय नाही, हे मोकळेपणानं म्हटलं पाहिजे. कारखान्याचं कातरण टनांत मोजायचं असतं. त्याला वर्गवारी, धागा परत काढणारे कारखाने, पानिपतसारखी चिंध्यांपासून सूत आणि घोंगड्या बनवणारी व्यवस्था लागते, आणि मालकानं त्याची जबाबदारी घ्यावी लागते. ती जबाबदारी गोधडी शिवणाऱ्या बायकांच्या गळ्यात घालून टाळ्या वाजवणं मला पटत नाही.

मग कातरणाच्या गोधडीला अर्थ आहे की नाही? आहे, आणि भरपूर आहे. तो कुठे आहे ते इतरांकडे पाहून लवकर कळतं. सर्वांत जवळचं आणि मला सर्वांत मोलाचं वाटणारं उदाहरण उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दींचं. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडच्या जंगलपट्टीत राहणारे हे आफ्रिकी वंशाचे लोक. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचे पूर्वज पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणले आणि तिथून ते जंगलात निसटले. वसईही १५३४पासून चिमाजी अप्पांच्या १७३९च्या मोहिमेपर्यंत त्याच सत्तेखाली होती. सिद्दींची भाषा कोकणी-मराठीच्या जवळची, धर्म तीन: हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती. पण तिन्ही घरांतल्या बायका एकाच रीतीनं कवंडी शिवतात. जुन्या कपड्यांचे तुकडे साडीवर ठेवत, एका कोपऱ्यापासून कडेकडेनं फिरत मध्यापर्यंत जायचं. आधी वेगळा थर जोडून घ्यायचा नाही, तुकडा ठेवायचा आणि टाका घालायचा. शेवटी चार कोपऱ्यांवर घडी घातलेल्या त्रिकोणी तुकड्यांची फुलं. ती नसली तर कवंडी उघडीवाघडी मानतात. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातले अभ्यासक हेन्री ड्रूअल यांनी या कामाचा अभ्यास केला, बायकांची सहकारी संस्था उभी राहायला हातभार लावला आणि या गोधड्या परदेशी संग्रहालयांत पोहोचल्या. रंगांची जी धिटाई त्यांत दिसते ती आखून येत नाही. हाताला लागेल तो तुकडा शेजारच्या तुकड्याशी बोलता करण्याची नजर लागते, आणि ती नजर कातरणाच्या पोत्यापुढे बसलेल्या बाईलाही कमावता येते.

बंगालची कांथा आणि बिहारची सुजनी या आपल्या धावदोऱ्याच्याच बहिणी. दोघींना भौगोलिक निर्देशांक मिळून काही वर्षं झाली. त्यांनी चित्रं भरण्याची वाट धरली, पण त्या वाटेवर जुनं कापड सुटून नव्या रेशमावर कांथा आली, आणि शहरांतल्या दुकानांत आज मुख्यतः तीच विकली जाते. ‘गूंज’ या संस्थेनं उलट वाट धरली: कपड्यातलं काहीच उपयोगाचं राहिलं नाही की त्याच्या धांदोट्यांची सुजनी. तिचे संस्थापक अंशू गुप्ता यांना २०१५चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्याकडे मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. घराघरांत पडलेल्या वस्तूकडे कलाकृती म्हणून पाहायला त्यांनी शिकवलं, हे ऋण मानायला हवं.

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातलं जीज बेंड हे गाव या चर्चेत टाळता येत नाही. कापसाच्या मळ्यांवर राबलेल्या गुलामांच्या वंशातल्या बायकांनी जुन्या कामाच्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या २००२मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागल्या, २००६मध्ये त्यांवर टपाल तिकिटं निघाली. आणि २००७मध्ये त्यांतल्याच काही बायका मोबदल्यासाठी न्यायालयात गेल्या. कौतुक भिंतीपर्यंत पोहोचलं, पैसा हातापर्यंत किती पोहोचला यावरून वाद झाला.

आपलाही प्रश्न शेवटी तिथेच येतो. मघाचे अठ्ठावीस तास घ्या. आठ तासांच्या दिवसाला पाचशे रुपये, ही काही उधळपट्टी नाही. तरी धावदोऱ्याचेच पावणेदोन हजार होतात. निवडणं, धुणं, जोडणं धरलं तर मजुरी अडीच हजारांच्या पुढे जाते. दोरा, अस्तर, दुकानाचं कमिशन अजून बाकीच. प्रदर्शनात हातशिलाईची गोधडी उचलून “जुन्याच तर कापडाची आहे, हजारात द्या” म्हणणारं गिऱ्हाईक बाईच्या तासाला पंचवीस रुपयेही देत नाही. कापड फुकट म्हणून श्रम फुकट, हा समज गोधडीला मारतो. शिवणारीही “बसल्या बसल्या केली” म्हणून त्याला हातभार लावते. बसल्या बसल्या दहा हजार टाके पडत नाहीत.

मशिनची गोधडी हा यावर एक तोडगा आहे. ‘गोधडी शिवून मिळेल’ अशी पाटी लावून मशिनवाले बसतात. आपलं कापड द्यायचं, ते थोडक्या वेळात शिवून देतात. हाताच्या कामाचे चाहते त्यांना नाकं मुरडतात, मी मुरडणार नाही. मिश्र कातरण, जाड तुकडे, डेनिम यांना मशिनच योग्य. बसायला, लादीवर अंथरायला, गाडीत टाकायला, पाळीव जनावराच्या बिछान्याला अशी गोधडी उत्तम टिकते. हाताचा टाका मऊ सुतासाठी राखून ठेवावा. मशिनचा घट्ट दोहेरी टाका झिजलेलं लुगडं चिरून काढतो. हाताचा सैल धावदोरा कापडाबरोबर हलतो.

यातून वसई-विरारपुरता मला दिसणारा रस्ता असा. गोधडीचा गाभा घरातल्या झिजलेल्या सुती कापडाचा, वरचा थर कारखान्यातल्या निवडक सुती कातरणाचा. एकाकडे मऊपणा आहे, दुसऱ्याकडे रंग आहे. दोन्ही इथे, पाच-सात किलोमीटरच्या आत, उपलब्ध आहे. अडचण मधल्या दुव्याची. गाळ्यात कटिंगच्या टेबलाखाली एकाऐवजी दोन पोती ठेवली, सुती एकात आणि बाकी दुसऱ्यात, तर निवडण्याचा निम्मा वेळ वाचतो आणि मालकाचा खर्च एका पोत्याचा. महापालिकेनं सुक्या कचऱ्याच्या केंद्रांत असं सुती कातरण वेगळं उतरवून बचत गटांना विनामूल्य दिलं, आणि धुण्या-वाळवण्याला एक छत व पत्र्याचा मांडव दिला, तर भर पावसाळ्यातही काम थांबणार नाही. वाळवण्याची जागा ही मागणी क्षुल्लक वाटेल. ज्यांनी जुलैत गोधडी धुतली आहे त्यांना ती वाटणार नाही.

वाचणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. घरात एखादं जुनं सुती लुगडं, धोतर, मलमलची ओढणी असेल तर ती बाहेर देण्याआधी चार घड्या घालून पाहा. नऊवारी लुगड्यात एक अख्खं अंथरूण तयार आहे, धोतर-ओढणीत त्याचा एखादा थर. स्वतः शिवायला वेळ नसेल तर शिवणारी शोधा, कापड धुऊन द्या, आणि दर ठरवताना गोधडीच्या लांबी-रुंदीबरोबर तिला लागणारे तासही विचारा.